पलटण की मुंबा: चढाई कोणाची भारी, आणि आपल्या ६० किलोच्या पोट्ट्यांनी कोणाचं पाहून शिकावं?

धामणगावकर:

नमस्कार मंडळी. गावच्या ६० किलो वजनगटाच्या संघात सध्या दोन तट आहेत. अर्धे पोट्टे पुणेरी पलटणचे, अर्धे यू मुंबाचे. प्रो कबड्डीत विदर्भाचा संघ नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाला विदर्भ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, पण टीव्हीसमोर बसलं की आपली पोरं पुणं नाहीतर मुंबई धरतातच.

मुंबावाल्यांचं म्हणणं, चढाईला एक हुकमी गडी पाहिजे. आधी अनुप कुमार, मग सिद्धार्थ देसाई, आता अजित चौहान. पलटणवाले म्हणतात, एकावर भार टाकण्यापेक्षा तिघं बरे, आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांची नावं घेतात.

प्रश्न टीव्हीपुरता असता तर इथं विचारला नसता. आमच्याकडे चढाईवाले चार आहेत. एक उंच, लांब हाताचा, त्याला सगळे घाबरतात. बाकी तिघं साधारण, पण चपळ. तूर निघाली की सामने सुरू होतील. बहुतेक ठिकाणी १५-१५ मिनिटांचे डाव, कुठं मॅट, कुठं माती. उंच पोराला जमेल तितक्या चढाया द्याव्या की चौघांत वाटाव्या? दोन्ही संघांच्या चढाईपटूंची तुलना कोणी नीट करून सांगेल का? नुसते गुण मोजून नको, ते टीव्हीवर दिसतातच.

गुणलेखक:

भाऊ, प्रश्न बराबर धरला. चढाईपटूचे गुण मोजून तुलना केली की फसते, आणि का फसते ते आपल्या खेळाच्या दोन नियमांत आहे. ते पोट्ट्यांना पाठ असतात, पण त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

पहिला नियम: बाद झालेला गडी पाळीनं आत येतो. जो आधी बाद झाला तो आधी उठतो. म्हणजे तुमचे दोघं आधीच बाहेर असताना उंच गडी बाद झाला, तर तो उठायला तीन गडी मारावे लागतात. पहिले दोन गुण आधीच्या दोघांना उठवण्यात जातात.

दुसरा नियम: बोनसच्या (समोरची बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या) गुणावर गडी उठत नाही. अव्वल पकडीला, म्हणजे तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला, जो जास्तीचा एक गुण मिळतो त्यावरही उठत नाही. गडी उठतो तो समोरचा माणूस बाद झाला तरच. त्यामुळे फलक हलत राहतो आणि तुमचा मुख्य गडी मात्र बाकावरच असतो. फलक पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. मैदानात तेव्हा चारच गडी उरलेले असतात.

म्हणून वहीत प्रत्येक चढाईवाल्यासमोर पाच रकाने काढा: एकूण चढाया, स्पर्शाचे गुण, बोनस, स्वतः किती वेळा बाद, आणि बाद झाल्यावर समोरच्यांच्या किती चढाया होईपर्यंत बाहेर बसला. पाचवा रकाना कोणीच लिहीत नाही, आणि सामना त्याच रकान्यात जातो.

समजा, एकानं २० चढायांत स्पर्शाचे ७ आणि बोनसचे ४ गुण आणले आणि तो ६ वेळा पकडला गेला. दुसऱ्यानं १४ चढायांत स्पर्शाचे ६ आणले आणि २ वेळा पकडला गेला. फलकावर पहिला ११, दुसरा ६. आता पहिल्याचे सहा बाद वजा करा. त्यानं संघाला दिले ११ आणि समोरच्याला दिले ६, निव्वळ ५. दुसऱ्याचे ६ वजा २, म्हणजे ४. अकरा आणि सहामधला फरक एकावर आला. शिवाय पहिल्यानं सात गडी उठवले आणि सहा वेळा स्वतः बसला. दुसऱ्यानं सहा उठवले आणि दोनदाच बसला. सामना जिंकायला मला दुसरा गडी चालेल.

आता दोन्ही संघ या वहीत घालू.

मुंबाची घडण पहिल्या हंगामापासून एका माणसाभोवती आहे. २०१४ मध्ये अनुप कुमारनं चढाईत १५५ गुण घेतले आणि सर्वोत्तम चढाईपटू ठरला. त्याची खरी ताकद बोनस आणि पायाचा अंगठा. घाई नाही, अंगावर जाणं नाही. समोर सहा-सात गडी असेपर्यंत बोनस काढत राहायचं, आणि कोपरा (टोकाला उभा पकडणारा गडी) वैतागून पुढं सरकला की पाय लावायचा. अनुप फार थोड्या वेळा पकडला जाई, म्हणून त्याच्याभोवती बांधलेला संघ टिकला. पहिल्या तिन्ही हंगामांत मुंबा अंतिम सामन्यात होती आणि २०१५ मध्ये विजेती झाली.

सिद्धार्थ देसाईचा प्रकार निराळा. कोल्हापूरकडचा गडी, २०१८ च्या सहाव्या हंगामात पदार्पणातच चढाईचे २१८ गुण. अंगात जोर असा की दोन-तीन जणांची साखळी ओढत तो मध्यरेषेला यायचा. त्या हंगामात मुंबा बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरून बाहेर पडली. दोष सिद्धार्थचा नाही. एका गड्यावर इतका भार असला की समोरचा संघ आठवडाभर त्याच्या एकट्याचाच अभ्यास करतो.

पलटणचं उदाहरण दहावा हंगाम. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून विजेतेपद. त्या हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू दिल्ली संघाचा आशू मलिक होता, पलटणचा कोणी नव्हता. पण हंगामातला सर्वोत्तम खेळाडू पलटणचा अस्लम. अस्लम चढाई करून आला की पकडीतही उभा राहतो, मोहित गोयतचंही तसंच. अंतिम सामन्यात मोठी चढाई पंकज मोहितेनं मारली, एकाच फेरीत चार गुण. हरियाणानं अस्लमसाठी तयारी केली असणार, आणि घाव दुसऱ्याच हातानं घातला.

म्हणून माझं मत वाटून द्यायच्या बाजूचं. एक गोष्ट मात्र खरी की ६० किलो गटात सिद्धार्थसारखा जोराचा गडी मिळतच नाही. वजनाची मर्यादा सगळ्यांना सारखी, तिथं साखळी ओढून नेणं पोरांच्या आवाक्याबाहेर आहे.

तिसरीचढाई:

गुणलेखक भाऊंचा हिशेब मान्य, पण त्यांनी अकरावा हंगाम सोडून दिला.

२०२४ च्या अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीनं मधूनच बाहेर गेला, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. तिघांत वाटलेली चढाई होती तर एक गेल्यावर दोघांनी सांभाळायला पाहिजे होतं. उलट त्याच हंगामात मुंबाच्या चढाईचा मोठा भार अजित चौहाननं पदार्पणातच उचलला आणि मुंबा बाद फेरीत गेली. पुढं पाटणाकडून हरली, ते वेगळं.

अर्थ असा की वाटून दिलेल्या चढाईतही कणा एकच असतो, फक्त तो गुणांच्या यादीत दिसत नाही. अस्लमचं काम गुण आणण्याहून मोठं होतं. दोन चढाया रिकाम्या (गुणाविना) गेल्या की तिसरीला कोण जाणार, हे ठरलेलं असायचं.

खेडेगावच्या सामन्यात तर मी म्हणेन, बाकी सगळं विसरा आणि तिसऱ्या चढाईचा माणूस आधी ठरवा. नियम पोट्ट्यांना ठाऊक आहे: लागोपाठ दोन रिकाम्या, तर तिसरीत गुण आणा नाहीतर बाद. समोरच्यालाही ते ठाऊक, म्हणून तो कोपरे आत घेऊन दबा धरतो. या चढाईला लांब हात किंवा जोर हे दुय्यम. पाहिजे तो थंड डोक्याचा आणि परतीचा अंदाज पक्का असलेला. मुंबाकडे सुरुवातीच्या हंगामांत रिशांक देवाडिगा होता. नाव अनुपचं व्हायचं, पण तिसऱ्या चढाईला रिशांक जायचा. म्हणजे मुंबाचं यशही एकट्या माणसाचं नव्हतं, ही गोष्ट तिच्या पाठीराख्या पोट्ट्यांनी लक्षात घ्यावी.

धामणगावकर, तुमचा उंच गडी तिसऱ्या चढाईला पाठवू नका. त्याला पहिल्या-दुसऱ्या चढाईला मोकळं सोडा. तिसरीला त्या तिघांतला जो सरावात सगळ्यात कमी पकडला जातो तो, मग गुण कमी आणत असला तरी.

डावाकोपरा:

मी पकडीच्या बाजूनं लिहितो. चढाईवाला किती भारी ते कोपऱ्यात उभ्या माणसाला सगळ्यात आधी कळतं.

आधी जागा समजून घ्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एका बाजूला खोली ६.५ मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ वर निदान रेषा, तिथून १ मीटर मागं बोनस रेषा. उरली १.७५ मीटरची पट्टी. कोपरे या पट्टीत उभे असतात, साधारण मध्यरेषेपासून साडेपाच मीटरवर. चढाईवाल्याला तिथं हात लावून साडेपाच मीटर परत यायचं आहे. झेप घेऊन हात पसरला तर दीडेक मीटर वाचतं. उरलेले चार मीटर त्याला पायांवरच काढावे लागतात, आणि सगळी पकड त्या चार मीटरांत होते.

आता तीन प्रकारचे चढाईवाले कोपऱ्यातून कसे दिसतात ते पाहा.

बोनस काढणारा, अनुपच्या वळणाचा: हा अंगाजवळ येतो, पण त्याचं वजन कायम मागच्या पायावर. कोपऱ्याला वाटतं घोटा हातात आला. झेप घेतली की पाय मागं आणि अंगठा कोपऱ्याच्या बोटांना. याला झेपायचं नसतं. बोनस रेषेपलीकडं पाय टेकला की त्याच क्षणी त्याचा दुसरा पाय हवेत असतो, म्हणजे तो एका पायावर उभा आहे. तेव्हा कोपऱ्यानं नव्हे, आतल्या गड्यानं बाजूनं धडक द्यायची. बहुतेक गावच्या संघांत कोपराच लोभानं जातो, आणि बोनस धरून दोन गुण देऊन बसतो.

पळता हात लावणारा: हा मध्यरेषेजवळून आडवा पळतो, कोपऱ्यापाशी वळून हात टाकतो आणि त्याच वेगात परततो. याला कोपरा पकडू शकत नाही. कोपऱ्यानं मागं हटायचं, आणि शेजारच्यानं परतीची वाट अडवायची. त्यानं चढाईवाल्याच्या मागं धावायचं नाही, मध्यरेषेकडं तिरकं धावायचं. मागं धावलात की हात लागून दोघं बाद.

जोरानं सुटणारा: हा पकडू देतो आणि ओढतो. याला एकट्यानं कमरेत धरणं म्हणजे गुण देणं. एक घोट्याला, एक मांडीला, आणि तिसरा समोरून छातीनं अडवणारा. समोरच्याचं काम सगळ्यात मोठं, कारण ओढणाऱ्याचा सगळा जोर पुढच्या दिशेला असतो.

तुमच्या उंच गड्याचा प्रश्न इथं येतो. लांब हाताचे पोट्टे नेहमी एकाच कोपऱ्याकडं जातात. उजव्या हाताचा असेल तर त्याच्या उजव्या बाजूला समोरच्यांचा डावा कोपरा येतो, आणि दहापैकी आठ चढाया तो तिकडंच करेल. दोन सामने पाहिलेला कोणताही संघ हे टिपतो आणि त्या बाजूला आपला सगळ्यात चांगला कोपरा आणून ठेवतो. पलटणविरुद्ध ही सोय नसते. एक गडी डावीकडं जातो, दुसरा उजवीकडं, म्हणून बचावाला आपली माणसं एका बाजूला दाटता येत नाहीत. पलटण भारी वाटते ती या कारणानं. एकेका गड्याचं कसब मोजलं तर अनुपच्या तोडीचा बोनस पलटणमध्ये मला कोणाचा दिसत नाही.

आणि एक, पुष्कळांच्या ध्यानात नसतं. अनुप निवृत्तीनंतर सातव्या हंगामात पलटणचाच प्रशिक्षक झाला, आणि अस्लम आणि मोहित गोयत आठव्या हंगामात त्याच्याच हाताखाली पुढं आले. तेव्हा पोट्ट्यांच्या दोन तटांना सांगा की एका घराण्याचं शिक्षण दुसऱ्यात गेलेलं आहे.

सराव असा घ्या. दोन्ही कोपऱ्यांच्या जागी फक्कीनं ताटाएवढं वर्तुळ काढा. उंच गड्यानं दहा चढायांत पाच वेळा डाव्या आणि पाच वेळा उजव्या वर्तुळाला हात लावून परत यायचं. कोणती बाजू, ते तुम्ही तो मध्यरेषेवर आल्यावर ओरडून सांगायचं. आधीच सांगितलं तर तो पावलं जुळवून घेतो आणि सराव वाया जातो. पहिला आठवडा अवघड बाजूला तो आडवा पडेल, कारण परतताना पाय एकमेकांत अडकतात. वळताना बाहेरचा पाय टेकवून वळायचं, आतला टेकवला की तोल गेलाच.

शिट्टीवाला:

बोनसवर गावोगावी भांडणं होतात म्हणून एवढंच सांगतो.

समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. पाच असतील तर रेषा नसल्यासारखी. पाय बोनस रेषा पूर्ण ओलांडून पलीकडं टेकला पाहिजे आणि त्या वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. रेषेवर टेकला तर बोनस नाही. मागचा पाय घासत नेला तर बोनस नाही. पोट्टे टीव्हीवर पाहून पाय लांबवतात, पण मागचा उचलत नाहीत. निदान रेषेलाही तीच अट आहे, मागचा पाय हवेत. समोर कोणालाही न शिवता, निदान रेषा न ओलांडता परत आला तर चढाईवाला बाद.

राखीव पट्टीचं पण बघा. दोन्ही बाजूंची १ मीटरची पट्टी झटापट किंवा स्पर्श झाल्यावरच खुली होते. पळता हात लावणारे आडवे धावताना आधीच तिथं पाय टाकतात आणि फुकट बाद होतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तर नियमातच आहे. सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढाया होतात, आणि त्या पाच वेगवेगळ्या गड्यांनी करायच्या असतात. नावं क्रमानं आधी लिहून द्यावी लागतात. सातही गडी आत राहतात, कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, आणि निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते. तरी बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. एकाच गड्याच्या भरवशावर आलेला संघ इथं उघडा पडतो. आपल्या इकडं उपांत्य आणि अंतिम सामने बरोबरीत जातातच, तेव्हा पाच नावं डोक्यात ठेवूनच संघ निवडा. पाचवा तर पकडीतला गडी घ्यावा लागेल. निदान रेषेचा बोनस काढायला त्याला शिकवा, एका आठवड्यात जमतं.

पांढरीमाती:

चढाईची तुलना करताना मैदान सोडून चालणार नाही. टीव्हीवरचं सगळं मॅटवरचं आहे.

आपल्या काळ्या मातीवर थेट मैदान करू नका. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते, अंगठा भेगेत जाऊन नख निघतं. वरची काळी काढून खाली मुरूम दाबायचा, वर चाळलेली पांढरी माती. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सकाळी रोलर. सामन्याच्या तासभर आधी हलकं शिंपण. कोरडं ठेवलं तर भुगा होतो, आणि पळता हात लावणारा वळताना घसरतो. मुंबा-पलटणची अर्धी कला तिथं निकामी होते. मातीवर अनवाणी पायानं बोनस आणि अंगठा जास्त चालतो, कारण त्यात वळण छोटं असतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, तो खेळ मातीत वाढलेल्यांचाच होता. ते अंग आपल्या पोरांत आहे, ते मोडू नका.

आखणी करताना चार बाजू मोजून भागत नाही, काटकोन चुकतो. १३ बाय १० ला दोन्ही कर्ण १६.४० मीटर आले पाहिजेत. पोरींचं मैदान १२ बाय ८, तिथं कर्ण १४.४२, निदान रेषा ३ मीटरवर. दोरीला आधीच गाठी मारून ठेवा: ३.७५, ४.७५, ६.५. दोरी सुताची नको, ओली झाली की लांबी बदलते.

मॅट असेल तर दोन गोष्टी. तुकड्यांचे दात नीट बसलेत का ते पायानं दाबून बघायचं, विशेषतः निदान रेषेजवळ, कारण सगळी वळणं तिथंच होतात आणि घोटा तिथंच मुरगळतो. दुसरं दंव. जानेवारीत रात्री उशिरा मॅट ओलसर होते आणि प्रकाशात ते दिसत नाही. दर सामन्यानंतर कोरड्या कापडानं पुसा, आणि पहिली चढाई करणाऱ्याला आधी कडेला एकदा पाय घासून बघायला सांगा.

धामणगावकर:

सगळ्यांचे आभार. वही आजच घेतली. दोन गोष्टी उरतात. डाव १५ मिनिटांचा, तर चढाया नेमक्या कशा वाटू? आणि उंच पोरगं ६० किलोच्या काट्यावर आहे. वजनाच्या दिवशी उपाशी राहतो, मग दुसऱ्या डावात त्याच्या पोटऱ्या भरतात. त्याचं काय करावं?

गुणलेखक:

तिसरीचढाई भाऊंनी अकराव्या हंगामाचं म्हटलं ते मला पटलं, माझ्या हिशेबात ती बाजू राहिली होती. पलटण पुढं २०२५ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत गेली, दिल्लीकडून ३१-२८ नं हरली. तेव्हा चढाईला पंकज मोहितेबरोबर आदित्य शिंदेसारखा नवा गडी उभा होता. राखीव हात तयार असणं आणि ऐन वेळी शोधणं यातला फरक या दोन हंगामांत दिसतो.

आता वाटणी. १५-१५ मिनिटं म्हणजे १८०० सेकंद. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंदांची धरली तर दोन्ही मिळून ६०, तुमच्या वाट्याला ३०. त्यातल्या १२ उंच गड्याला, ८ तिसऱ्या चढाईच्या माणसाला, उरलेल्या दोघांना ५-५. गडी बाद असतील तसं हे हलेल, पण उंच गड्याच्या सलग तीन चढाया कधी होऊ देऊ नका. एक चढाई पूर्ण ताकदीची झाली की त्याला पुढची पाळी सोडायला लावा. समोर सहा-सात गडी असताना चपळ पोरांना बोनससाठी पाठवा. समोर चार-पाच उरले की बोनस बंद, मोकळी जागा जास्त, तेव्हा लांब हाताचा गडी खरा उपयोगी. तीन किंवा कमी उरले तर त्याला सावध करा, कारण तिथं पकडला गेला तर समोरच्याला दोन गुण. तीन उरले म्हणून लोणाच्या (समोरचा सगळा संघ बाद करण्याच्या) घाईनं पोट्टे धावत सुटतात आणि अव्वल पकड देऊन बसतात. तिथं दोन रिकाम्या चढाया काढून तिसरीला नेमलेला माणूस पाठवणं जास्त शहाणपणाचं.

डावाकोपरा:

वजनाचं मी सांगतो. उपाशी ठेवून आणि पाणी तोडून काट्यावर बसवलेलं पोरगं संध्याकाळी चढाई करू शकत नाही. पोटरी भरते ती पाणी आणि मीठ कमी पडल्यानं, आणि पोटरी भरलेला चढाईवाला परतीच्या त्या चार मीटरांत सापडतो. वजन उतरवायचंच असेल तर महिनाभर आधीपासून तळण आणि गोड बंद करून हळूहळू उतरवा, शेवटच्या दोन दिवसांत नाही. काट्यावरून उतरला की लगेच घोट घोट लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एकदम तांब्याभर नाही. तासाभरानं केळं, मग ज्वारीची भाकर आणि वरण. सामन्याच्या दोन तास आधी खाणं बंद, पाणी चालू.

वाढीच्या वयातला असेल आणि वजन दर महिन्याला वर जात असेल तर त्याला ६० मध्ये कोंबू नका, खुल्या गटात खेळवा. तिथं सुरुवातीला मार खाईल, म्हणून आत्तापासूनच डाव्या-उजव्या दोन्ही वर्तुळांचा सराव त्याच्याकडून दुप्पट करून घ्या.